प्रकल्पाचा अहवाल आधी ग्रामसभेत वाचा

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी प्रकल्प राबवणाऱ्या सर्व संस्था,
त्यांना निधी देणाऱ्या कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग,
आणि दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्या

सप्रेम नमस्कार.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांत गेल्या काही वर्षांत तुम्ही पुष्कळ काम केलंत. ओढे-नाले खोल झाले, बांधबंदिस्ती झाली, ठिबक आलं, शेततळी आली, शेळ्या वाटल्या गेल्या, शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या, बायकांचे गट उभे राहिले. यातलं काही चांगलं टिकलंय आणि त्याचा फायदा आम्ही रोज घेतो. हे पत्र त्या कामाविरुद्ध नाही. त्या कामाचा परिणाम कसा मोजला जातो, याबद्दल आहे. ते मोजणं मी जवळून पाहिलंय. मी खटाव तालुक्यातली. घरची थोडी जिरायत आहे, शाळू आणि घेवडा होतो. बरीच वर्षं वेगवेगळ्या संस्थांसाठी सर्वेक्षणाची कामं करते. हातात टॅब घेऊन दारोदार जाऊन तुमचे फॉर्म भरणाऱ्यांपैकी मी एक आहे.

मागणी आधीच सांगते. तुमच्या प्रकल्पाचा परिणाम-अहवाल निधी देणाऱ्याकडे जाण्याआधी, ज्या गावाबद्दल तो आहे त्या गावाच्या ग्रामसभेत, मराठीत, वाचला गेला पाहिजे. आणि त्या अहवालात प्रकल्पात न आलेल्या, येऊन मध्येच सुटलेल्या आणि शेजारच्या गावच्या माणसांनाही जागा हवी.

सध्या अहवालात काय असतं? इतके शेतकरी प्रशिक्षित, इतके मीटर नाला खोलीकरण, इतकी तळी, इतके गट. हा तुम्ही काय दिलंत त्याचा हिशेब झाला. तो हवाच, पैसा कुणाचाही असो. पण नाला खोल झाल्यावर फेब्रुवारीत विहिरीला किती पाणी राहिलं, त्या पाण्यावर कुणी काय पिकवलं, पिकलेल्याचे हातात किती आले आणि ज्याला विहीरच नाही त्याचं काय झालं, हे प्रश्न आले की बहुतेक अहवाल एका तक्त्यापाशी येऊन थांबतात. प्रकल्पापूर्वीचं सरासरी उत्पन्न, प्रकल्पानंतरचं सरासरी उत्पन्न, आणि वाढ किती टक्के. माझं मुख्य म्हणणं या तक्त्याबद्दल आहे.

आमच्याकडचं एक साल दुसऱ्यासारखं नसतं. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारनं राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. त्यांत माण, आटपाडी, जत होते. २०१९ च्या उन्हाळ्यात आमची जनावरं छावण्यांत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर येऊन सांगली पाण्यात गेली, आणि दिवाळीच्या आगेमागे अवकाळीनं द्राक्षबागांचं वाटोळं केलं. या दोन जिल्ह्यांत, एका वर्षात, एवढं सगळं. आता एखाद्या प्रकल्पाची पहिली पाहणी २०१९ च्या मे महिन्यात झाली असेल, विहिरी कोरड्या आणि दावण रिकामी असताना, आणि शेवटची पाहणी चांगल्या पावसाच्या सालानंतर, तर तुम्ही गावात पाऊल टाकलं नसतं तरी उत्पन्न वाढलेलंच दिसलं असतं. प्रकल्प बहुतेक वेळा दुष्काळातच मंजूर होतात, कारण गरज तेव्हाच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते. त्यामुळे ही गफलत कधीतरी होणारी नाही, ती पहिल्या दिवसापासून आत बसलेली असते. उलटंही होतं. जीव ओतून केलेला प्रकल्प नेमका दुष्काळी सालात मोजला जातो आणि अपयशी ठरतो. त्यानं माणसांना सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचवलेलं असतं, पण तक्त्यात ते कुठेच येत नाही.

पाण्याचंही तसंच. टेंभू योजनेचं पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललं जातं आणि टप्प्याटप्प्यानं कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडे येतं. म्हैसाळचं पाणी मिरजेच्या पूर्व भागातून जतकडे जातं. आमच्या माण-खटावला उरमोडी आणि जिहे-कठापूर या योजनांचं. हे पाणी ज्या वर्षी शिवाराजवळून वाहतं, त्या वर्षी पाझरानंच विहिरी उचलतात, शाळूच्या जागी ऊस किंवा मका उभा राहतो. त्याच गावात त्याच तीन वर्षांत एखाद्या संस्थेनं माती परीक्षण आणि ठिबकाचा प्रकल्प केला असेल, तर वाढलेलं उत्पन्न कुणाचं? मी स्वतः माहिती गोळा केलेल्या एका गावाच्या अहवालात उपसा योजनेच्या पाण्याचा उल्लेखच नव्हता. पारावर बसलेल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं पहिल्याच वाक्यात ते सांगितलं असतं.

आणि गलाई. बाहेरून आलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन दिसत नाही. खानापूर, आटपाडी आणि आमच्याही भागातली कितीतरी पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. माण-खटावची माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईत माथाडी काम करत आली. गावात बोअर मारली जाते, पत्र्याच्या जागी स्लॅब पडतो, बहिणीचं लग्न होतं, यात दूरच्या कुठल्यातरी शहरातल्या भट्टीपुढे बसलेल्या भावाचा पैसा असतो. फॉर्ममध्ये 'घराची स्थिती सुधारली' अशी खूण होते आणि ती प्रकल्पाच्या खात्यावर जमा होते.

यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही. शेजारची, साधारण तशाच जमिनीची, तसंच पाणी असलेली पण प्रकल्प नसलेली गावं पहिल्या दिवसापासून पाहणीत घ्या. समजा प्रकल्पाच्या गावात घरटी उत्पन्न एक लाखावरून एक लाख चाळीस हजारांवर गेलं. शेजारच्या गावात, जिथे तुम्ही काहीच केलं नाही, ते एक लाखावरून एक लाख तीस हजारांवर गेलं. म्हणजे पावसाचे, भावाचे, गलाईचे तीस हजार वजा जाऊन प्रकल्पाचे उरले दहा. चाळीस हजारांचा आकडा छापण्यापेक्षा दहा हजारांचा आकडा मला कितीतरी मोलाचा वाटतो, कारण त्यावर विश्वास ठेवून पुढचं पाऊल टाकता येतं. त्या दहा हजारांसाठी प्रत्येक घरामागे किती खर्च झाला हेही मग विचारता येतं.

मात्र शेजारचं गाव निवडण्यातही प्रामाणिकपणा हवा. प्रकल्पासाठी गाव ठरतं तेव्हाच बहुधा तयारीचं गाव ठरतं. सरपंच धडपडे, रस्ता बरा, गट आधीपासून चालू. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. त्या श्रमदानाचा आम्हाला आजही अभिमान वाटतो. पण ज्या गावात दोन पॅनेल एकमेकांच्या बांधावरून जात नाहीत, जिथे तरुण माणूस शोधून सापडत नाही, तिथे तोच आराखडा चालेल का, हे वेळूकडे बघून कळायचं नाही. म्हणून एक साधी गोष्ट सुचवते. पैसा दहाच गावांपुरता असेल आणि पात्र गावं वीस असतील, तर पहिल्या फेरीतली दहा सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून काढा, उरलेल्यांना दोन वर्षांनी घ्या आणि तोवर दोन्हीकडे सारखीच मोजणी करा. मोजणी खरी होईल, आणि 'आमचं गाव का नाही घेतलं' हा राग कुणावर राहणार नाही.

ही शिस्त बाहेरून शिकून यायची गरज नाही. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा जन्म १९११ साली आमच्या खटाव तालुक्यातल्या बुध गावचा. पीक किती आलं हे कुणाच्या नजरअंदाजावर न सोडता, यादृच्छिक पद्धतीनं शेत निवडायचं, ठरल्या मापाच्या तुकड्यातलं पीक कापायचं आणि तोलायचं, या पीक कापणी प्रयोगांना देशात शास्त्रीय पाया देणाऱ्यांत ते होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे ते प्रमुख झाले. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांचा जन्मही साताऱ्याचा. १९७१ साली नीलकंठ रथ यांच्याबरोबर त्यांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, आणि पुढे उष्मांकांवरून गरीब कोण ठरवायचं या प्रश्नावर सुखात्मे आणि दांडेकर यांच्यात जाहीर वाद झाला. त्याच्याही आधी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ किती, हे पाहणी करून तपासलं होतं. १९४८ साली ते छापून आलं. या माणसांचे निष्कर्ष सगळ्यांना पटले असं नाही. पण त्यांनी आकडे कसे काढले, काय गृहीत धरलं, हे उघड होतं, म्हणून त्यांच्याशी वाद घालता आला. तुमच्या अहवालांशी वाद घालायचा तर ते आमच्या हातातच येत नाहीत.

आता कोण मोजलं जातं ते पाहू. सर्वेक्षणाचा नमुना लाभार्थ्यांच्या यादीतून निघतो. लाभार्थी व्हायचं तर सातबारा हवा. दुसऱ्याचं रान वाट्यानं किंवा खंडानं करणाऱ्याकडे तो नसतो, म्हणून तो यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणून अहवालातही नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर. ही सरासरी. भावाभावांत वाटणी होऊन वीस-तीस गुंठ्यांवर आलेली रानं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. ठिबकला अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, हे चांगलंच आहे. पण संच आधी पदरच्या पैशानं बसवायचा असतो, अनुदान मागाहून खात्यावर येतं. ज्याच्यापाशी आधी घालायला पैसाच नाही तो त्या ८० टक्क्यांपर्यंत पोचत नाही. तो का पोचला नाही, हे विचारायला आम्हाला त्याच्या दारात कधी पाठवलं जात नाही.

याच मातीत हा प्रश्न फार आधी विचारला गेलाय. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण उभं केलं तेव्हा भूमिहीन घरांचाही पाण्यावर हक्क मांडला गेला. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो शेतकऱ्यांनी पाणी संघर्ष चळवळीत समन्यायी वाटपाची मागणी लावून धरली. जमीन किती यापेक्षा कुटुंबं किती, यावरून पाणी ठरावं ही ती मागणी. ज्या भागात लोकांनी हा विचार आंदोलनं करून रुजवला, तिथल्या प्रकल्पाचा अहवाल फक्त सातबारावाल्यांची सरासरी सांगून संपावा, याचं मला वाईट वाटतं.

बंद घरांबद्दल सांगितलंच पाहिजे. पहिल्या पाहणीत भेटलेलं घर शेवटच्या पाहणीत कुलूपबंद असलं की आम्हाला सूचना असते, शेजारचं घर घ्या. कामाची घाई असते, दिवसाला ठरलेले फॉर्म भरून द्यायचे असतात. पण कुलूप कुणाच्या घराला असतं? जतकडून ऊसतोडीला गेलेल्यांच्या. वीटभट्टीवर गेलेल्यांच्या. गट सोडून, कर्ज अंगावर घेऊन पोरांकडे मुंबईला गेलेल्या म्हातारा-म्हातारीच्या. म्हणजे ज्यांना प्रकल्पानं हात दिला नाही, किंवा ज्यांच्यासाठी तो पुरेसा नव्हता, तीच घरं नमुन्यातून गळतात आणि त्यांच्या जागी बरी चाललेली घरं येतात. मग सरासरी आपोआप वर जाते. शेळ्यांच्या प्रकल्पात तर हे नेहमीचं. ज्या बाईच्या शेळ्या रोगानं गेल्या किंवा दवाखान्याच्या खर्चाला विकल्या गेल्या, ती गटाच्या बैठकीला यायची थांबते, तिचं नाव गटाच्या वहीतून जातं आणि पाहणीच्या यादीतूनही. माझी विनंती आहे की अशी प्रत्येक गळालेली व्यक्ती शोधा. फोनवर बोला, ती जिथे गेली तिथे जा. एका सुटलेल्या घराकडून प्रकल्पाबद्दल जेवढं शिकायला मिळतं तेवढं दहा समाधानी घरांकडून मिळत नाही.

आणि बायका. आम्ही दारात गेलो की खुर्ची पुरुषाच्या समोर मांडली जाते आणि उत्तरं तोच देतो. भांगलणीला किती बायका लागल्या, त्यांतल्या घरच्या किती, हे त्याला नीट माहीत नसतं, तरी तो सांगतो आणि आम्ही लिहितो. दुधाच्या प्रकल्पांचं घ्या. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल येतं, ते दिसतं, ते लिहिलं जातं. सरकी पेंड, मका, मूरघास, जनावराच्या डॉक्टरचं बिल हे अर्धंमुर्धं लिहिलं जातं. गाय भाकड असतानाचे महिने बहुधा विसरले जातात. पण पहाटेची धार, शेण, वैरण, दुपारचं पाणी, संध्याकाळची धार, यात घरच्या बाईचे किती तास जातात, हा रकाना क्वचितच असतो. दारात गाय आली की माहेरी दोन दिवस राहणंही बंद होतं, हे मी कितीतरी घरांत ऐकलंय. तिच्या त्या तासांना साधी शेतमजुरीची मजुरी लावून बघा. काही घरांत नफा उरतो, काही घरांत उरत नाही. कुठे उरतो आणि कुठे नाही, हे कळलं तर पुढच्या गावात गाय द्यायची, शेळी द्यायची की आणखी काही, हे ठरवता येईल. पैसे कुणाच्या खात्यावर येतात आणि ते खर्च करायचं कोण ठरवतं, हेही तिला एकटीला विचारलं पाहिजे, सासू आणि नवरा समोर नसताना. त्यासाठी सर्वेक्षक बाई हवी आणि वेळ हवा.

शेजाऱ्याची विहीर हा आणखी एक विषय आहे. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं ज्याच्या रानात आहे, त्याची डाळिंब-द्राक्षाची बाग उन्हाळ्यात तगते. ते तळं पावसानं भरत असेल तर उत्तम. पण ते विहिरी-बोअरच्या पाण्यानं भरलं जात असेल, तर जमिनीखालचं, सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या तळ्यात ठेवलं आणि त्यातलं काही उन्हानं उडालं, असा त्याचा अर्थ होतो. ठिबकचंही पाहावं लागतं. एकरी पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर बाग लागली तर गावाचा एकूण उपसा तेवढाच राहतो, कधी वाढतोही. लाभार्थ्याच्या रानात उभं राहून हे दिसत नाही. खालच्या अंगाच्या विहिरी मोजाव्या लागतात, जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये. राज्याच्या जलयुक्त शिवार या जलसंधारण योजनेवर कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल २०२० साली आला. नऊ हजार सहाशे कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर पुष्कळ राजकारण झालं. निदान तो अहवाल सगळ्यांना वाचायला मिळाला.

शेतकरी उत्पादक कंपन्यांबद्दल थोडक्यात. केंद्राच्या २०२० च्या योजनेत नव्या कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो. तीन वर्षं संपल्यावर चौथ्या वर्षी जा. सीईओ आहे का, गेल्या हंगामात किती सभासदांनी माल कंपनीला घातला, आणि त्यांची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती) अडत्याच्या पट्टीपेक्षा बरी होती का, एवढं विचारलं तरी पुरे. सभासदसंख्या आणि फलक यांवरून काही कळत नाही.

प्रश्न कसे विचारायचे यावरही दोन शब्द. 'तुमचं वार्षिक उत्पन्न किती' हा प्रश्न काढून टाका. आमच्याकडे कुणीही वर्षाचा आकडा डोक्यात ठेवत नाही. पहिल्या पाहणीत माणूस कमी सांगतो, कारण योजना मिळेल की नाही याची धास्ती असते. शेवटच्या पाहणीत जास्त सांगतो, कारण ज्या संस्थेनं मदत केली तिच्या लोकांसमोर तिचं नाव राखावं असं त्याला मनापासून वाटतं. त्यापेक्षा पिकावार विचारा, पट्ट्या मागा, डेअरीची बिलं बघा, विकास सोसायटीची थकबाकी किती ते विचारा. सुगीच्या दिवसांत दीड तासाचा फॉर्म घेऊन येऊ नका. आणि ज्या संस्थेनं प्रकल्प राबवला तिच्याच कार्यकर्त्याला घेऊन घरात शिरू नका. त्याच्यासमोर खरं बोलणं अवघड जातं.

आता ग्रामसभेकडे येते. कायदा काय सांगतो? २०२१ पासून, ज्या कंपन्यांचं सीएसआर बंधन मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं, ते पूर्ण होऊन वर्ष उलटल्यावर, स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यायचं. अहवाल संचालक मंडळासमोर ठेवायचा आणि वार्षिक अहवालाला जोडायचा. या कामासाठी त्या वर्षाच्या सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंतचा खर्च सीएसआरमध्ये धरता येतो. म्हणजे पैशाची सोय आहे. संचालक मंडळाची सोय आहे. ज्यांच्या रानाबद्दल तो अहवाल आहे त्यांना तो दाखवा, असं मात्र नियमात कुठे लिहिलेलं नाही. याउलट रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कलम १७ घातलं गेलं. गावात झालेल्या कामांचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोरची तपासणी, ग्रामसभेनं करायचं. त्याची अंमलबजावणी सगळीकडे नीट झाली असं मी म्हणणार नाही, पण हक्क लिहिला गेला. रोजगार हमीचा विचार ज्यांनी रुजवला ते वि. स. पागे सांगली जिल्ह्याचे. १९६० च्या दशकात तासगाव तालुक्यात तो आधी करून पाहिला गेला, मगच राज्याची योजना झाली. जिथे हे घडलं तिथे तुमच्या प्रकल्पालाही तोच नियम लागावा, यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. जिल्हा नियोजन समितीनं आपल्या निधीतल्या कामांना ही अट घालावी. कंपन्यांनी संस्थांबरोबरच्या करारात एक कलम वाढवावं.

संस्थांना याची भीती वाटते, हे मला माहीत आहे. अपयश लिहिलं तर पुढचा निधी थांबेल, कार्यकर्त्यांचे पगार थांबतील. ही भीती खोटी नाही, म्हणून या पत्राचा हा भाग निधी देणाऱ्यांसाठी आहे. जी संस्था 'शेळ्यांचा प्रयोग या तीन गावांत चालला नाही, कारण चराईचं रान उरलं नव्हतं' असं स्पष्ट लिहिते, तिला पुढचा निधी आधी द्या. जी दरवर्षी सगळं यशस्वी झाल्याचं लिहिते, तिला जास्त प्रश्न विचारा. निधी तीन वर्षांचा असला तरी पाचव्या वर्षी एकदा परत येऊन बघण्याचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. पाचव्या वर्षी ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या असतात, किंवा शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं नव्या घातलेल्या असतात. यांतलं कोणतं खरं आहे, हे तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये कळू शकत नाही.

ग्रामसभेत वाचलं तर काय होईल, याचा अंदाज मी सांगते. कुणीतरी उठून म्हणेल, तुम्ही सांगताय ते पाणी तुमच्या नाल्याचं नाही, उरमोडीचं आहे. कुणी म्हणेल, माझं नाव लाभार्थ्यांत आहे पण मला काही मिळालं नाही. कुणी उगाच भांडेल. आणि कुणी असंही सांगेल की तुमच्या माती परीक्षणामुळे मी एक पोतं खत कमी टाकलं आणि पीक तेवढंच आलं, हे तुम्ही लिहिलंच नाही. हे सगळं नोंदवून अहवालाला जोडा, आणि मगच तो पुढे पाठवा.

ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. त्यांतली १ मेची सगळ्यांत सोयीची. रब्बीची सुगी उरकलेली असते, खरिपाला अवकाश असतो, ऊसतोडीची माणसं परतलेली असतात आणि यात्रा-जत्रांमुळे मुंबईकर, गलाईवाले गावात असतात. त्याआधीच्या महिला ग्रामसभेतही तेच वाचा. विषयपत्रिकेत घ्यायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) पत्र वेळेवर द्या. दोन पानं पुरेत, आकडे ठळक अक्षरांत, पंचायतीच्या भिंतीवर चिकटवता येतील असे. खटाव-माणच्या कुठल्याही गावात वाचून दाखवायला माणूस मिळत नसेल तर मी येते.

कळावे,
आपली,
खटाव तालुक्यातल्या एका अल्पभूधारक घरातली सर्वेक्षक